जुन्या जर्मन वाइड लेन्स : नाव वाचून दुरुस्तीला लागू नका, आधी लेन्स उलटी करून बघा

जुनी जर्मन वाइड लेन्स घेतली की ठरावीक तक्रारी येतातच. लांबचं काही शार्प येत नाही, अ‍ॅपर्चर रिंग फिरते पण ब्लेड जागचे हलत नाहीत, फोटोच्या कडा जांभळट येतात, आणि सगळ्यात छळणारी म्हणजे ब्लेडवरचं तेल, जे साफ करून आणलं तरी काही महिन्यांत परत हजर. मग आपण लेन्सचं नाव टाकून शोधत बसतो आणि जे उत्तर मिळतं ते बऱ्याचदा दुसऱ्याच लेन्सचं असतं. कारण झाइस या जर्मन कंपनीच्या एकट्या फ्लेक्टोगॉन ३५ मिमीचंच बघा ना, ५०च्या दशकातली चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची प्रीसेटवाली एफ २.८, मग फोकस रिंगला चामड्यासारखं कव्हर असलेली, मग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची झेब्रा, आणि शेवटी पूर्ण काळी २.४, शिवाय माउंट (लेन्स कॅमेऱ्यात बसवायचा मागचा भाग) एम ४२, एक्झाक्टा, प्राक्टिना असे वेगवेगळे. एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की पुढच्या रिंगवरचं नाव हा सगळ्यात शेवटचा पुरावा धरायचा. लेन्स उलटी करा, मागून बघा, मोजा, अ‍ॅपर्चर कशावर चालतं ते तपासा. एवढं झालं की निम्म्या तक्रारी मुळात तक्रारीच नव्हत्या हे कळतं, आणि उरलेल्यांचं नेमकं कारण सापडतं.

नावावर का विसंबायचं नाही

याचं कारण जर्मनीच्या इतिहासात आहे. १९४५ मध्ये येना शहर आधी अमेरिकन सैन्याच्या ताब्यात आलं, आणि ते रशियनांकडे जायच्या आधी अमेरिकनांनी झाइसची निवडक माणसं उचलून पश्चिमेला नेली, त्यातून पुढे ओबरकोखेनची झाइस उभी राहिली. येनाची मूळ फॅक्टरी १९४८ मध्ये सरकारी झाली आणि पूर्व जर्मनीत राहिली. म्हणजे झाइस दोन, दोघीही लेन्स बनवतायत आणि दोघींनाही तेच नाव पाहिजे. कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले, १९७१ मध्ये लंडनला समझोता झाला. मधल्या काळात पश्चिमेकडे विकायच्या येनाच्या लेन्सवर पूर्ण नाव टाकता येत नव्हतं, म्हणून कुठे नुसतं "येना", कुठे "आउस येना", आणि टेसार या लेन्सच्या जागी फक्त "टी", बायोटारच्या जागी "बी". आता यात आणखी एक गोंधळ असा की काचेवरचं चकाकी कमी करणारं कोटिंग दाखवायला झाइस लाल रंगाचा "टी" कोरत असे. लाल टी म्हणजे कोटिंग, आणि आकड्यांच्या शेजारचा साधा टी म्हणजे टेसार, हे लक्षात नसलं तर ओळख तिथेच चुकते.

ग्योर्लिट्झच्या मायर ऑप्टिकचं वेगळंच. ही फॅक्टरी १९६८ मध्ये पेंटाकॉन या पूर्व जर्मन कॅमेरा कंपनीत विलीन झाली आणि थोड्याच वर्षांत जुनी नावं गेली. ओरेस्टेगॉन २९ मिमी एफ २.८ ही पुढे पेंटाकॉन २९ झाली आणि लिडिथ ३० मिमी एफ ३.५ ही पेंटाकॉन ३०. काच तीच, नाव बदललं. म्हणजे कुणी "ओरेस्टेगॉन पेंटाकॉनपेक्षा फार भारी" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर ते पैसे तुम्ही नावाला देताय. पुढे १९७९च्या आसपास प्राक्टिका या पूर्व जर्मन कॅमेऱ्याचं बी माउंट आलं तेव्हा लेन्सना प्राक्टिकार हे नाव मिळालं, आणि हे नाव येनाच्या लेन्सवरही आहे, पेंटाकॉनच्या लेन्सवरही आहे, आणि जपानमधून बनवून घेतलेल्या काही लेन्सवरसुद्धा आहे. प्राक्टिकार २.४/३५ (एफ २.४, ३५ मिमी) म्हणजे आतून फ्लेक्टोगॉन २.४/३५च, पण नुसतं "प्राक्टिकार २८" एवढं वाचून कोणी बनवली ते कळत नाही.

पश्चिमेकडेही तेच. रोलाय या कॅमेरा कंपनीने सत्तरच्या दशकात सिंगापूरला फॅक्टरी टाकली आणि झाइसच्या लायसन्सवर डिस्टागॉन या वाइड लेन्स तिथे बनवल्या, त्यावर रोलायचं नाव आणि सिंगापूर असं स्पष्ट असतं, तरी विकणारा "जर्मन झाइस" म्हणूनच विकतो. कॉन्टॅक्स-याशिका माउंटच्या डिस्टागॉन काही पश्चिम जर्मनीतल्या, काही जपानमधल्या. या लेन्स वाईट मुळीच नाहीत, फक्त काय घेतोय ते माहीत पाहिजे.

आणि पुढची रिंग म्हणजे शेवटी आट्यांवर फिरवून बसवलेली एक धातूची पट्टी, ती एका लेन्सची काढून दुसरीवर बसवता येते. युद्धानंतर रशियनांनी झाइसच्या युद्धपूर्व बायोगॉन ३५ एफ २.८च्या डिझाइनवरून ज्युपिटर १२ बनवली, आणि आज त्याच ज्युपिटरवर "कार्ल झाइस येना बायोगॉन" असं कोरून विकलेल्या लेन्स सर्रास दिसतात. लायकाच्या आट्यांची युद्धकाळातली अस्सल बायोगॉन असू शकते पण ती इतकी दुर्मीळ आहे की स्वस्तात समोर आली तर आधी ज्युपिटरच समजा.

मागून सुरुवात : माउंट

व्हर्नियर कॅलिपर घ्या. मागे आटे असतील तर बाहेरून माप घ्या, ४२ मिमी आलं तर एम ४२, ३९ आलं तर बहुतेक लायका थ्रेड. नुसत्या डोळ्यांनी हे दोन ओळखायला जाऊ नका, एम ३९ ते एम ४२ अशी बारीक रिंग बऱ्याचदा आधीच कुणीतरी बसवलेली असते आणि ती लेन्सचाच भाग वाटते. दोन्हीतला फरक नुसता व्यासाचा नाहीये. एम ४२ मध्ये माउंटपासून फिल्मपर्यंत अंतर ४५.४६ मिमी, लायका थ्रेडमध्ये २८.८ मिमी. चुकीच्या अ‍ॅडॉप्टरवर लावली तर एक तर फोकस हातभर अंतरापलीकडे जाणारच नाही, किंवा सगळंच धूसर.

बाकीची उपयोगी अंतरं (मिमीमध्ये) इथेच देतो : एक्झाक्टा ४४.७, प्राक्टिका बी ४४.४, कॉन्टॅक्स-याशिका ४५.५, रोलाय क्यूबीएम ४४.४६, लायका एम २७.८. आणि ज्यावर लावणार ते कॅमेरे : कॅनन ईएफ ४४.०, निकॉन एफ ४६.५, सोनी ई १८.०. निकॉनचा आकडा एम ४२पेक्षा मोठा आहे, म्हणजे लेन्स सेन्सरपासून गरजेपेक्षा लांब बसणार, तिथेच खेळ संपला. १.०४ मिमीचा फरक आणि त्यावर अ‍ॅडॉप्टरची जाडी. मधे काचेचा तुकडा नसलेल्या अ‍ॅडॉप्टरवर निकॉन डीएसएलआरवर एम ४२ ची वाइड लेन्स इन्फिनिटीला, म्हणजे अगदी लांबच्या फोकसला, जाणं शक्यच नाही, लेन्सला दोष देऊ नका, दुरुस्तीवाल्याकडे तर अजिबात नेऊ नका.

मागची काच किती आत शिरते तेही बघा. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या (ज्यांत लेन्समागे आरसा नसतो) वाइड लेन्स, म्हणजे झाइसची बायोगॉन २१ एफ ४.५, लायकासाठी श्नायडरने बनवलेली सुपर अँग्युलॉन २१, यांची मागची काच जवळजवळ फिल्मला टेकते. मिररलेस कॅमेऱ्यात अशी लेन्स बसवण्याआधी ती किती आत जाते ते मोजून घ्या, शटरला काच लागली तर खर्च लेन्सपेक्षा मोठा होतो. युद्धपूर्व येना बायोगॉन ३५ युद्धानंतरच्या कॉन्टॅक्स टू-ए, थ्री-ए बॉडीत याच कारणाने बसत नाही.

अ‍ॅपर्चर "बिघडलंय" असं वाटणाऱ्या चांगल्या लेन्स

हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त चांगल्या लेन्स इथेच उगाच उघडल्या जातात आणि उघडताना खराब होतात.

प्रीसेट लेन्सला दोन रिंग असतात. एक टक-टक करत आकड्यांवर थांबते, ती फिरवून ब्लेड हलत नाहीत आणि हलायचेही नसतात, ती फक्त मर्यादा ठरवते. दुसरी टक-टक न करता सुळकन फिरते, ती त्या मर्यादेपर्यंत ब्लेड बंद करते. लिडिथ आणि पेंटाकॉन ३० अशाच आहेत, स्वस्तात मिळतात, कडेपर्यंत छान चालतात आणि मला तर त्या २९ पेक्षा जास्त आवडतात.

ऑटो एम ४२ लेन्सच्या मागे एक पिन असते. कॅमेरा फोटो काढताना ती दाबतो तेव्हा ब्लेड बंद होतात, एरवी उघडे. लेन्सवर ए (ऑटो) आणि एम (मॅन्युअल) असं बटण असेल तर एम वर सरकवा, झालं काम. पण काही पेंटाकॉनवर हे बटण नसतं, तिथे पिन दाबून धरणारा, आतून कडा असलेला अ‍ॅडॉप्टरच लागतो. उलटही होतं, कडेवाल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये पिन अडकून फोकस रिंग जड होते किंवा लेन्स शेवटचा पाव फेरा घट्ट बसत नाही. मागे तीन बारीक संपर्क-ठिपके दिसले तर ती इलेक्ट्रिक आवृत्ती, १९६९च्या प्राक्टिका एलएलसीपासून आलेली, आत कसली मोटर-बिटर नाही, ॲपर्चरची माहिती कॅमेऱ्याला द्यायला ते ठिपके आहेत. ते बघून घाबरू नका.

एक्झाक्टाच्या ऑटो लेन्सला बाजूला एक हात बाहेर आलेला असतो, त्यावरचं बटण दाबलं की ब्लेड मिटतात. जुन्या कॅमेऱ्यात त्याच्याखालीच शटर बटण यायचं, आजच्या कॅमेऱ्यावर तसं येत नाही, म्हणून ते दाबलं जात नाही आणि लेन्स उघडीच राहते.

आणि ज्या लेन्सला अ‍ॅपर्चर रिंगच नाही? तुटलेली नाही ती. झाइस इकॉनच्या कॉन्टारेक्ससाठीची डिस्टागॉन असेल, किंवा फोक्टलेंडर बेसामॅटिक आणि कोडॅक रेटिना वाल्या डीकेएल माउंटची, उदाहरणार्थ स्कोपारेक्स ३५ एफ ३.४. यांचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातून चालायचं. रिंग असलेला खास अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो आणि तो महाग असतो, हे लेन्स घ्यायच्या आधी हिशोबात धरा.

खिडकीसमोरची परीक्षा

आता नाव बाजूला ठेवून लेन्स काय आहे ते तिच्याकडूनच काढून घेऊ. लेन्स पूर्ण उघडी ठेवा, हात लांब करून खिडकीसमोर धरा आणि पुढून बघा, उजेडाचं गोल भोक किती मोठं दिसतं. मग लेन्स फिरवून मागून बघा. पुढून छोटं आणि मागून ठळक मोठं दिसत असेल तर ती रेट्रोफोकस डिझाइन, म्हणजे एसएलआरसाठी बनवलेली. दोन्हीकडून साधारण सारखं दिसत असेल तर सिमेट्रिक जातीची, रेंजफाइंडरवाली.

हे असं का, तर एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्मच्या मधे आरसा हलतो. एम ४२ मध्ये ४५ मिमी जागा सोडावीच लागते आणि लेन्स तर ३५ मिमीची, साध्या डिझाइनने मागची काच आरशाच्या जागेतच येणार. म्हणून पुढे एक मोठी अंतर्गोल काच लावून किरण पसरवायचे आणि मागून गोळा करायचे. १९५०च्या आसपास पॅरिसमध्ये अँजेन्यूने आणि येनात फ्लेक्टोगॉनने ही पद्धत एसएलआरसाठी आणली, मग सगळ्यांनीच, श्नायडरची कुर्टागॉन, एन्नाची लिथागॉन, श्टाइनहाइलची कुल्मिगॉन, इस्कोची वेस्ट्रॉन, शाख्टची ट्रावेगॉन. पुढची काच एवढी मोठी का असते त्याचं कारण हे आहे, जास्त प्रकाश घेते म्हणून नव्हे.

त्याच पुढून दिसणाऱ्या भोकाचं माप काढता येतं. मिमीची पट्टी लेन्ससमोर धरून थोड्या लांबून, एक डोळा मिटून वाचा. फोकल लेंथ भागिले एफ आकडा एवढं ते असायला पाहिजे. ३५ एफ २.८ चं साडेबारा मिमी, ३५ एफ २.४ चं जवळपास साडेचौदा, २९ एफ २.८ चं दहा-साडेदहा, ३० एफ ३.५ चं साडेआठ. रिंगवर २.४ आणि भोक बाराच्या आसपास, तर रिंग बदललेली असण्याची शंका घ्या.

दुसरी परीक्षा रुंदीची. फुल फ्रेम कॅमेरा भिंतीपासून २ मीटरवर, भिंतीला समांतर, आणि फ्रेममध्ये आडवी किती भिंत मावते ते टेपने मोजा. ३५ मिमीला साधारण २.०५ मीटर, ३० ला २.४, २९ ला २.५, २५ ला २.९, २० ला ३.६. अंतर सेन्सरपासून धरा की लेन्सपासून यावरून थोडा फरक पडेल, पण २० आणि २५ यांच्यात घोळ व्हायचं कारण नाही.

आणि हा घोळ खरंच होतो. येनाच्या फ्लेक्टोगॉन ४/२० आणि ४/२५ दोन्हींना ७७ मिमीचा फिल्टर, दोन्ही एफ ४, दोन्ही पुढून भल्यामोठ्या. विकणाऱ्याने रिंगचा धूसर फोटो टाकला असेल तर नुसतं बघून सांगणं अवघड. नंतरची २.८/२० वेगळी, तिचा फिल्टर ६७ मिमी. ३५ मध्ये मात्र झेब्रा २.८ आणि काळी २.४ या दोन्हींना ४९ मिमीचाच फिल्टर, तिथे फिल्टर काही उपयोगाचा नाही. पेंटाकॉन २९ ला ५५ आणि पेंटाकॉन ३० ला ४९, हे मात्र पक्कं, एका नजरेत दोन्ही वेगळ्या कळतात.

इन्फिनिटी लागत नाही

माउंट बरोबर आहे हे ठरलं असेल तरच पुढे या. वाइड लेन्समध्ये अ‍ॅडॉप्टरच्या जाडीचा फरक किती भोवतो याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. साधं गणित आहे, फोकल लेंथचा वर्ग भागिले जास्तीची जाडी. अ‍ॅडॉप्टर ०.१ मिमी जाड असेल तर २० मिमीच्या लेन्सला ४०० भागिले ०.१, म्हणजे ४००० मिमी, म्हणजे फोकस ४ मीटरच्या पलीकडे जाणारच नाही! ३५ला तोच अ‍ॅडॉप्टर सव्वाबारा मीटरवर अडकतो. आणि १३५ मिमीला १८० मीटरच्या पुढे, तिथे कुणाला काही कळतही नाही. म्हणून "माझी टेली याच अ‍ॅडॉप्टरवर नीट चालते, म्हणजे वाइड लेन्सच खराब" हा निष्कर्ष चुकीचा. साधा एक कागद मधे गेल्याएवढी ही जाडी, पण वाइडला तेवढीही चालत नाही.

तपासताना पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर तपासा. एफ ८ ला डेप्थ, म्हणजे शार्प दिसणारा पल्ला, एवढी असते की चूक झाकली जाते, बाहेर उन्हात सगळं ठीक वाटतं आणि संध्याकाळी एफ २.८ ला लांबचे दिवे फुटके येतात. लाइव्ह व्ह्यू मोठं करून लांबच्या टॉवरच्या दिव्यावर किंवा ताऱ्यावर फोकस करा. रिंग शेवटाला टेकली तरी बिंदू छोटा होतच राहतोय असं वाटत असेल तर लेन्स कमी पडतेय. मग १ मीटरवरची वस्तू फोकस करून स्केल वाचा, अंतर नेहमी सेन्सरच्या पातळीपासून मोजायचं. स्केल १ मीटरपेक्षा लांबचं सांगत असेल तर लेन्स सेन्सरपासून जास्त पुढे बसलीय, जवळचं सांगत असेल तर अ‍ॅडॉप्टर पातळ. पातळ असेल तर लेन्स इन्फिनिटी ओलांडून जाते, स्केल खोटं बोलतं एवढंच, फोटो निघतात. बरेचसे अ‍ॅडॉप्टर मुद्दामच थोडे पातळ बनवतात.

जाड अ‍ॅडॉप्टर की लेन्स, हे ठरवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे तीच लेन्स दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरवर. तिथेही तेच झालं तर लेन्स आधी कुणीतरी उघडलेली असण्याची शक्यता मोठी. फोकसचे आटे, म्हणजे हेलिकॉइड, त्याला एकापेक्षा जास्त सुरुवाती असतात, जोडताना चुकीच्या सुरुवातीतून घातले तर लेन्स व्यवस्थित फिरते, छान मऊ फिरते, पण इन्फिनिटी भलतीकडे. पुढच्या रिंगच्या खाचांवर ओरखडे, स्क्रूची डोकी चेपलेली, असं दिसलं तर हाच संशय. आटे बरोबर असून थोडक्यात हुकत असेल तर बऱ्याच लेन्सना फोकस रिंगच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात, ते सैल करून रिंग हव्या त्या जागी लावता येते. पण फरक मोठा असेल तर स्क्रूशी खेळू नका, आटे पुन्हा जोडावे लागतील.

कॅनन फुल फ्रेम डीएसएलआर वाल्यांनी एक जपायचं, काही एम ४२ वाइड लेन्सची मागची बाजू इन्फिनिटीला आरशाला घासते. पहिल्यांदा जवळच्या फोकसवर क्लिक करा, मग हळूहळू इन्फिनिटीकडे या, अडखळल्यासारखा आवाज आला की तिथेच थांबा.

ब्लेडवरचं तेल, आणि ते परत का येतं

फ्लेक्टोगॉन २.४/३५ आणि २.८/२० घेणाऱ्यांची ही नेहमीची डोकेदुखी. लक्षण असं, पहिला फोटो बरोबर, दुसरा जास्त उजळ, तिसरा त्याहून वेगळा. गारव्यात जास्त, ऊन खाल्लं की थोडं बरं. बघायला सोपं आहे, लेन्स ए वर, रिंग एफ १६ वर, मागची पिन नखाने दाबा, ब्लेड फटकन मिटले पाहिजेत आणि सोडल्यावर फटकन उघडले पाहिजेत. आळसावल्यासारखे सरकत असतील किंवा एखादा मागे राहत असेल तर तेल. बॅटरीच्या उजेडात तिरकं बघा, ब्लेडवर इंद्रधनुषी चकाकी किंवा ओला डाग दिसतो.

आता हे येतं कुठून, तर अ‍ॅपर्चरमध्ये मुळात कोणी तेल घालत नाही, ब्लेड कोरडेच चालायचे असतात. तेल हेलिकॉइडच्या ग्रीसमधून सुटतं. चाळीस-पन्नास वर्षांचं ग्रीस, त्यातलं पातळ तेल उन्हाळ्यात वेगळं होतं आणि धातूवरून पसरत पसरत ब्लेडपर्यंत पोचतं. दोन पातळ पत्र्यांच्या मधे तेलाचा थर गेला की ते एकमेकांना चिकटतात आणि बिचारी छोटी स्प्रिंग त्यांना ओढू शकत नाही. मग दुरुस्तीवाला काय करतो, पुढचा काचेचा गट काढतो, लायटरच्या पेट्रोलने ब्लेड पुसतो, लेन्स मस्त चालते, आपण खूश. पण ग्रीस तर तसंच आहे! उगम चालू आणि आपण फक्त पाणी उपसतोय. पुढच्या मे महिन्यात गाडीत बॅग राहिली की परत तेच.

त्यामुळे लेन्स द्यायच्या आधी दुरुस्तीवाल्याला एकच प्रश्न विचारा : हेलिकॉइड उघडून जुनं ग्रीस पूर्ण काढणार का, की नुसते ब्लेड पुसणार? नुसते ब्लेड म्हणाला तर पैसे त्या मानाने द्या आणि परत येणार हे धरून चाला. हेलिकॉइड उघडणार असेल तर इन्फिनिटीची खूण आणि आटे सुटतात त्या जागेची खूण करून घेणार ना हेही विचारा, जो माणूस हे आपणहून सांगतो त्याच्याकडे लेन्स बिनधास्त द्या. मुंबईत फोर्ट भागात अजून असे कारागीर आहेत ज्यांचे हात या कामात मुरलेत, त्यांच्याकडे घाई करू नका, त्यांना वेळ द्या.

स्वतः करणार असाल तर ब्लेड पुसायला तेच लायटरचं पेट्रोल थोडंथोडं, कापूस दर वेळी नवा, आणि पुसून उडून गेल्यावर परत, मग परत. एकदा पुसून स्वच्छ दिसतं पण ब्लेड एकमेकांवर चढलेले असतात, त्यांच्या मधलं तेल उघड-मीट केल्यावर पुन्हा वर येतं. पेट्रोल ओतू नका, ते ग्रीस विरघळवून काचेच्या कडेपर्यंत नेतं आणि नवीन धुरकटपणा तयार होतो. कुठलाही तेलकट स्प्रे आत मारू नका, कितीही कोणी सांगो. ब्लेड सुटे करण्याच्या भानगडीत तर पडूच नका जोपर्यंत दुसरा इलाज उरलेला नाही.

एक अपवाद. लिडिथसारख्या प्रीसेट लेन्समध्ये ब्लेड थेट रिंगनेच फिरतात, स्प्रिंगचा संबंध नाही. तिथे थोडं तेल असलं तरी अ‍ॅपर्चर बरोबरच लागतं. बॅटरी मारून आतल्या काचांवर धुकं दिसत नसेल तर अशी लेन्स उघडू नका, वापरा.

जांभळ्या कडा

हे बायोगॉन आणि सुपर अँग्युलॉन वाल्यांचं. खिडकीसमोरच्या परीक्षेत दोन्हीकडून भोक सारखं दिसलं असेल तर हे होणारच. मागची काच सेन्सरच्या इतकी जवळ की कोपऱ्यात किरण खूप तिरके पडतात, फिल्मला चालायचं, डिजिटल सेन्सरवरच्या रंगाच्या फिल्टरांमधून ते शेजारच्या खणात जातात, वर सेन्सरसमोरची काच कोपरे पसरवते. लेन्समध्ये दोष शून्य. पांढऱ्या पातळ पडद्याचा फोटो त्याच अ‍ॅपर्चरवर काढून सॉफ्टवेअरमध्ये करेक्शन लावलं की रंग जातो, पसरलेले कोपरे जात नाहीत. मागून प्रकाश घेणाऱ्या बीएसआय सेन्सरवर रंग बराच कमी येतो. ब्लॅक अँड व्हाइटला काही प्रश्नच नाही, आणि फिल्मवर या लेन्स सरळ रेषा ज्या सरळ ठेवतात ते बघून डोळे निवतात. रेट्रोफोकस फ्लेक्टोगॉनवर जांभळं आलं तर मात्र कारण वेगळं शोधा, बहुतेक वेळा उजेड आत येऊन परावर्तन होत असतं, अ‍ॅडॉप्टरच्या आतली भिंत चकचकीत असेल तर मॅट काळी करा.

घेण्याआधी मागायचे फोटो

विकणाऱ्याकडून पुढच्या रिंगचा फोटो तर तो देतोच. तुम्ही मागा ते असे : मागून माउंट आणि पिन, बाजूने पूर्ण स्केल दिसेल असा, एफ १६ ला मिटलेले ब्लेड, आणि मागून बॅटरी मारून काचेतून घेतलेला. मिटलेल्या ब्लेडचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याची लेन्स सोडून द्या. बाजूच्या फोटोत सगळ्यात जवळचं फोकस अंतर वाचा, ते रिंगसारखं सहज बदलता येत नाही. झेब्रा फ्लेक्टोगॉन ३५ जवळपास १८ सेंमीपर्यंत येते, पेंटाकॉन २९ पाव मीटरपर्यंत, लिडिथ ३३ सेंमी. कॉन्टॅक्स-याशिकाच्या डिस्टागॉनवर सगळ्यात लहान अ‍ॅपर्चरचा आकडा हिरवा असेल तर ती नंतरची एमएम आवृत्ती, पांढरा असेल तर आधीची एई.

बॅटरीच्या फोटोत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर फंगस. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे जोमाने वाढतं, आणि जुन्या चामड्याच्या केसमध्ये तर सगळ्यात जास्त, ती केस कितीही सुंदर असली तरी लेन्स तिच्यात ठेवू नका. ४० ते ५० टक्के आर्द्रतेचा ड्राय कॅबिनेट बरा, नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, जेल दर काही आठवड्यांनी तापवून कोरडं करायचं. कोपऱ्यातला एखादा ताजा तंतू साफ होतो, पण काचेच्या कोटिंगवर त्याने खड्डे पाडले असतील तर ते जात नाहीत, उजेडासमोर फोटो घेताना कॉन्ट्रास्ट जाणारच, मग भाव निम्म्याने कमी करून मागा किंवा दुसरी शोधा, या लेन्स हजारोंनी बनल्यात, चांगली मिळते.